डिस्पोजलच्या गाडीचं मूळगाव

जुन्या अमेरिकन जीपच्या डॅशबोर्डवर, शेजारी बसणाऱ्याच्या समोरच्या कप्प्याच्या झाकणावर तीन छोट्या पाट्या असतात. त्यांतल्या एकीवर ६-१२-४३ अशी तारीख ठोकलेली असली, तर आपण सहज सहा डिसेंबर १९४३ वाचतो. ती असते बारा जून १९४३. अमेरिकन माणूस महिना आधी लिहितो, मग दिवस. जूनची गाडी डिसेंबरची धरली की पुढचा सगळा तपास वाकडा जातो. चेसीचा नंबर तारखेशी जुळत नाही, एखादा अस्सल भाग नकली वाटतो आणि नकली भाग अस्सल ठरतो.

बेळगाव परिसरात अशा पाट्या वाचायला शिकणं गरजेचं आहे, असं मला मनापासून वाटतं. शहराच्या एका अंगाला कॅम्प, दुसऱ्या अंगाला उद्यमबागेतल्या फौंड्र्या, आणि शहराला खेटून कंग्राळी खुर्द, कंग्राळी बुद्रुक ही मार्कंडेय नदीकाठची गावं. मराठा लाईट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर १९२२ पासून बेळगावात आहे. मिलिटरीच्या गाड्या पाहत इथल्या चार-पाच पिढ्या वाढल्या. त्या गाड्या निवृत्त झाल्या की लिलावात निघतात, कुणाच्या शेतात, कुणाच्या गॅरेजात येऊन पडतात. त्यांना इकडे सरसकट 'डिस्पोजलची गाडी' म्हणतात. युद्ध संपल्यावर दिल्लीच्या सप्लाइज अँड डिस्पोजल्स खात्याने लष्कराचा उरलेला माल विकायला काढला, तेव्हापासूनचं हे नाव. गाडीवर मायेने पैसे घालणारे मालक मी पाहिले आहेत. पण गाडी कुठे जन्मली, कुणासाठी बांधली गेली, हे विचारलं की उत्तर येतं, 'वर्ल्ड वॉरची हाय.' त्यापुढचं सगळं गाडीच्या अंगावर लिहिलेलं असतं आणि बहुतेक वेळा तेच रंगकामात जातं.

आधी हे नीट समजून घ्यावं की लष्करी गाडीवर एक नंबर नसतो, निदान तीन असतात. कारखान्याने चेसीला दिलेला नंबर पहिला. सरकारने कारखान्याला दिलेल्या ऑर्डरचा, म्हणजे कराराचा, क्रमांक दुसरा. आणि फौजेने ताब्यात घेतल्यावर बॉनेटवर रंगवलेला फौजी नंबर तिसरा. इंजिनाचा नंबर आणखी वेगळा. पहिला बहुधा लोखंडात असतो, दुसरा पाटीवर, तिसरा नुसत्या रंगात. म्हणून तिसरा सर्वांत आधी जातो.

ब्रिटिशांच्या पद्धतीत रंगवलेल्या नंबराच्या सुरुवातीचं अक्षर गाडीची जात सांगायचं. एल म्हणजे लॉरी, झेड म्हणजे ट्रक, एम म्हणजे मोटारगाडी, सी म्हणजे मोटारसायकल, ए म्हणजे अ‍ॅम्ब्युलन्स, टी म्हणजे रणगाडा. आपण आज ट्रक आणि लॉरी एकाच अर्थाने बोलतो. ब्रिटिश फौजेत मात्र टनापर्यंतचा माल नेणारा तो ट्रक आणि त्यावरची ती लॉरी. त्यामुळे बॉनेटवर जुन्या रंगाखाली झेड दिसला तर गाडी हलकी, एल दिसला तर भारी, एवढं तरी लगेच ठरतं. जीपला त्यांनी मोटारगाडीत बसवलं होतं, म्हणून ब्रिटिश किंवा हिंदी फौजेतल्या जीपवर एम यायचा. अमेरिकन फौजेत पाव टनी जीपचा नंबर २० ने सुरू व्हायचा. एकाच जीपवर खालच्या थरात २० चा आणि वरच्या थरात एमचा नंबर सापडला, तर अमेरिकेने मदत म्हणून पाठवलेली गाडी पुढे ब्रिटिश छत्राखालच्या फौजेने वापरली, असा तिचा प्रवास उलगडतो.

दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडे ज्या लॉऱ्या सर्वांत जास्त आल्या, त्यांत कॅनडाच्या गाड्यांचा मान मोठा. कॅनडातल्या फोर्ड आणि शेव्हरोले या दोन कारखान्यांनी एकाच लष्करी नमुन्यावर चार लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. स्टीअरिंग उजवीकडे, नाक चपटं, आणि शेवटच्या बनावटीत पुढची काच खालच्या बाजूने आत ओढलेली. सूर्याचा प्रकाश काचेवरून वर परतून विमानाला चमक दिसू नये म्हणून ती तशी उलटी कलती ठेवली होती. मुंबईत फोर्डची आणि शिवडीला शेव्हरोले बनवणाऱ्या जनरल मोटर्सची जुळणी चालायची. खोक्यांतून आलेले भाग तिथे जोडून लॉऱ्या फौजेच्या हवाली होत. या गाड्यांची नावं स्वतःच माहिती देतात. सी-६०-एल घ्या. सी म्हणजे शेव्हरोले. ६० म्हणजे साठ हंड्रेडवेट, तीन टनांचा बोजा. एल म्हणजे लांब चेसी. सी-१५-ए असेल तर पंधरा हंड्रेडवेट, आणि ए म्हणजे चारही चाकांना जोर. सीच्या जागी एफ असेल तर फोर्ड, आणि बॉनेटखाली शेव्हरोलेच्या सहा सिलिंडर उभ्या इंजिनाऐवजी फोर्डचं व्ही-आठ. कोडगू आणि वायनाडच्या जंगलांत लाकूड ओढायला या गाड्या युद्धानंतर कित्येक दशकं राबल्या. घाटाच्या चिखलात चार चाकांचा जोर काय करतो, हे तिकडच्या लाकूडवाल्यांनी फौजेइतकंच ओळखलं होतं.

कॅनडाच्याच फोर्डची चेसी घेऊन आपल्याकडे एक चिलखती गाडी बनली, 'इंडियन पॅटर्न' नावाची. टाटानगरच्या पोलादाचं चिलखत आणि रेल्वेच्या वर्कशॉपांतलं काम. अशा सुमारे ४,६०० गाड्या निघाल्या. तिच्या चेसीवरचा नंबर वाचून तिला कॅनडाची म्हटलं तर अर्धंच खरं होईल. मी या गाडीचा मुद्दाम उल्लेख करतो, कारण युद्धातला हिंदुस्थान म्हणजे फक्त माणसं पुरवणारा देश, अशी आपली समजूत असते. रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरच्या ड्रायव्हरांनी या लॉऱ्या वाळवंटात आणि ब्रह्मदेशच्या चिखलात हाकल्या. मराठा पलटणींचे यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव इटलीच्या रणांगणावर व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी झाले, घाडगे जुलै १९४४ मध्ये मरणोत्तर आणि जाधव एप्रिल १९४५ मध्ये. त्या पलटणींना दारूगोळा आणि पाणी पोचवणारी चाकं कुठल्या लॉऱ्यांची होती, हे आज कुणी विचारत नाही.

अमेरिकन जीएमसीची अडीच टनी लॉरी हा अक्षरं वाचण्याचा उत्तम धडा आहे. मॉडेलचं नाव सीसीकेडब्ल्यू. पहिला सी म्हणजे १९४१ चं डिझाइन. दुसऱ्या सीचा त्याच्याशी काही संबंध नाही, तो सांगतो की केबिन नेहमीसारखं बॉनेटच्या मागे आहे. के म्हणजे पुढच्या चाकांनाही जोर, डब्ल्यू म्हणजे मागचे दोन्ही अ‍ॅक्सल जोराचे. पुढे ३५२ आला तर पुढच्या चाकांपासून मागच्या दोन अ‍ॅक्सलांच्या मधोमधपर्यंतचं अंतर १४५ इंच, ३५३ आला तर १६४ इंच. पाण्यातून चालणारी डक नावाची जी गाडी ऐकिवात असते, तिचं खरं नाव डीयूकेडब्ल्यू, आणि त्यातला डी १९४२ चं डिझाइन सांगतो. इथे एक फसगत ठरलेली असते. हे पहिलं अक्षर डिझाइनच्या वर्षाचं असतं, गाडी बांधल्याच्या वर्षाचं नव्हे. १९४५ मध्ये कारखान्याबाहेर पडलेली लॉरीसुद्धा सीसीकेडब्ल्यूच. या प्रकारच्या साडेपाच लाखांहून अधिक लॉऱ्या बनल्या आणि त्या सगळ्या '४१ च्या' नव्हत्या.

आता जीप. आपल्या भागात फौजी वारशाची जी गाडी खरोखर हाताशी येते, ती बहुतेक जीपच असते. विलीजने एमबी नावाने आणि फोर्डने जीपीडब्ल्यू नावाने मिळून सुमारे ६,४०,००० जीपा बांधल्या. दिसायला जुळ्या. कागदावर आपल्याकडे सगळ्याच 'विलीज'.

कंग्राळीच्या एका गॅरेजात अशीच एक जीप रंगाला आली होती. मिस्त्रींनी कटरला तारेचा ब्रश लावून चेसी खरवडायला घेतली होती.

"मिस्त्री, डाव्या पट्टीवर कटर नको लावू या," मी म्हटलं.

"गंज हाय की हो सायेब, आत काय दिसतंय?"

"तिथंच नंबर असतो. जरा रॉकेल आणि फडकं द्या की."

इंजिनाच्या डाव्या माउंटिंगच्या पुढे, चेसीच्या वरच्या अंगावर जुनं ग्रीस आणि रंगाचे तीन-चार थर होते. रॉकेलने ग्रीस सुटलं. रंग लाकडी पट्टीने हळूहळू उचलला. पत्र्याची धार तिथे लावायची नाही, कारण ठोकलेला आकडा फार खोल नसतो. मग बॅटरी समोरून न धरता अगदी आडवी, चेसीला समांतर धरली आणि पट्टीवर पांढरा खडू चोळला. खडू खाचेत बसला आणि एकेक अक्षर वर आलं. जी, पी, डब्ल्यू, मग आकडे, दोन्ही टोकांना चांदणीसारखी खूण. मिस्त्रींनी कटर खाली ठेवला आणि मालकाला फोन लावला. आरसी बुकात गाडी विलीज होती. लोखंडात ती फोर्ड होती.

इथे दोन कारखान्यांच्या सवयीतला फरक कळला पाहिजे. फोर्ड नंबर थेट चेसीवर ठोकायची, आणि कारखान्यातून निघताना इंजिनाचा नंबर तोच असायचा. विलीजचा नंबर चेसीवर ठोकलेला नसतो. पुढच्या बंपरमागे, डाव्या पट्टीच्या आतल्या बाजूला एक छोटी पाटी बसवलेली असते आणि नंबर तिच्यावर. ती पाटी पडली, चोरीला गेली किंवा वेल्डिंगच्या वेळी कुणी काढून फेकली, की विलीजच्या चेसीकडे सांगण्यासारखं काहीच उरत नाही. मग पुढे कधीतरी कागद करताना कुणीतरी नवाच नंबर पंचाने ठोकतो. म्हणून विलीजच्या चेसीवर ठोकलेला नंबर दिसला तर खूश होण्याऐवजी सावध व्हावं.

नंबर गेलेला असला तरी लोखंड बोलतं. रेडिएटरच्या खालची आडवी नळी गोल असेल तर चेसी विलीजची. ती चौकोनी, पत्रा मुडपून केलेली असेल तर फोर्डची. फोर्डने आपल्या नटबोल्टांच्या डोक्यांवरसुद्धा वळणदार एफ उमटवला होता. वायर ब्रशने हलकेच साफ करून पाहा, कंसावर, पेडलवर, हुकावर तो एफ सापडेल. जाळीच्या फटी मोजा. युद्धातल्या जीपला पत्र्याच्या जाळीत नऊ फटी असतात, त्याआधीच्या विलीजच्या पहिल्या पंचवीस हजारांवर गाड्यांना लोखंडी पट्ट्या जोडून केलेली जाळी होती. युद्धानंतरच्या नागरी जीपला सात फटी. महिंद्राने मुंबईत माझगावला १९४९ पासून जुळवलेल्या जीपा याच नागरी वंशातल्या. त्याही आता म्हाताऱ्या झाल्या आणि त्यांचा स्वतःचा मोठा इतिहास आहे. पण महिंद्राच्या चेसीवर नऊ फटींची जाळी बसवून, हिरवा रंग मारून तिला दुसऱ्या महायुद्धात पाठवणं हा त्या दोन्ही गाड्यांवर अन्याय आहे.

उद्यमबागेतल्या फौंड्रीत काम केलेल्या माणसाला आणखी एक गोष्ट पटकन समजते, जी शहरातल्या हौशी मंडळींना समजत नाही. इंजिनाच्या ब्लॉकवर उठावदार अक्षरात जो आकडा असतो, तो साच्याचा. ६३८६३२ हा आकडा पाहून 'इंजिन नंबर मिळाला' म्हणणारे भेटतात. तो युद्धकाळातल्या विलीजच्या हजारो ब्लॉकांवर तसाच आहे, कारण तो पॅटर्नमधूनच आलेला आहे. इंजिनाचा खरा नंबर घासून सपाट केलेल्या जागेवर, ऑइल फिल्टरजवळ, खोलगट ठोकलेला असतो. उठाव म्हणजे साचा, खोल म्हणजे पंच. बेळगावात हे कुणाला शिकवायला लागू नये. अर्थात कित्येक जीपांत मूळ इंजिनच उरलेलं नाही. पेट्रोलचे भाव वाढले तसं लोकांनी मॅटाडोरचं नाहीतर प्यूजोचं डिझेल इंजिन बसवलं आणि गाडी शेतात, घाटात चालती ठेवली. त्यात मला काही गैर वाटत नाही. गाडी जगली ती त्या डिझेलमुळेच.

आता कागदांकडे येऊ, कारण सीमाभागात कागदांची गोष्ट निराळी आहे. युद्धानंतर बेळगावात डिस्पोजलची लॉरी घेतलेल्या माणसाची गाडी मुंबई राज्यात नोंदली गेली. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात घातला गेला. १ नोव्हेंबर १९७३ ला म्हैसूरचं कर्नाटक झालं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानंतर नंबरांची पद्धत पुन्हा बदलली. बेळगावला केए-२२, चिक्कोडीला केए-२३, आणि निपाणीची गाडी चिक्कोडीच्या खात्यात. कोगनोळीची सीमा ओलांडून कागलला गेली आणि तिकडेच विकली गेली, तर एमएच-०९. गाडी जागची फारशी हलली नाही तरी तिच्या कागदांवरचं राज्य बदलत गेलं. प्रत्येक बदलीत कारकुनाने जुन्या कागदावरून नवा कागद उतरवला. तीनचा आठ झाला, जीपीडब्ल्यूमधला जी सहा झाला, 'फोर्ड'चं 'विलीज' झालं. सत्तर वर्षांत एकदाही न बदललेली गोष्ट म्हणजे चेसीवरचा कारखान्याचा ठोका. मूळगाव विचारायचं तर त्याला.

स्वातंत्र्यानंतरच्या आपल्या फौजेच्या गाड्यांनाही हेच लागू आहे. त्यांच्या पाटीवर वर तोंड केलेला बाण असतो. ब्रिटिश काळात सरकारी मालावर मारायचा तो बाण आपण चालू ठेवला, आणि फौजेत त्या नंबराला आजही बीए नंबर, म्हणजे ब्रॉड अ‍ॅरो नंबर, म्हणतात. बाणाजवळचे दोन आकडे फौजेने गाडी घेतल्याचं वर्ष सांगतात, मग एक अक्षर, मग अनुक्रमांक आणि शेवटी पुन्हा अक्षर. हे वर्ष फौजेत दाखल झाल्याचं, कारखान्याचं नव्हे, हे विसरू नये. ही नोंद दिल्लीला संरक्षण मंत्रालयाकडे होते, कुठल्याही आरटीओकडे नाही. लिलावात निघालेल्या गाडीचा बीए नंबर सुटतो आणि तिला नागरी नंबर मिळतो. दोघांना जोडणारा दुवा म्हणजे लिलावाचं विक्रीपत्र, कारण त्यावर बीए नंबर आणि चेसी नंबर दोन्ही असतात. मालक हा कागद एकदा पासिंग झालं की हरवून टाकतात. माझ्या मते गाडीच्या टायरपेक्षा तो जपावा.

या पिढीतल्या गाड्यांत शक्तिमानला तोड नाही. जर्मनीच्या मॅन कंपनीच्या परवान्यावर १९५९ पासून जबलपूरला ही लॉरी बनू लागली आणि १९९६ पर्यंत बनत राहिली. निसानची वन टनही जबलपूरची. जोंगा हे नावच जबलपूरच्या ऑर्डनन्स आणि गन कॅरेज कारखान्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांतून आलं, गाडी मुळात निसानची 'पॅट्रोल'. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्तीसाठी १७ वी इन्फंट्री डिव्हिजन आणि ५० वी पॅराशूट ब्रिगेड बेळगावात जमली होती. अनमोडकडे आणि दोडामार्गाकडे गेलेल्या गाड्यांच्या रांगा पाहिलेली माणसं बेळगावात होती. त्या रांगांतली एखादी लॉरी पुढे इकडेच डिस्पोजलमध्ये आली का, हे सांगणं शक्य आहे, पण फक्त बीए नंबर, चेसी नंबर आणि विक्रीपत्र एकत्र असतील तर. नाहीतर 'गोव्याला गेलेली गाडी' ही फक्त चहाच्या टपरीवरची गोष्ट राहते.

नकली पाट्यांचा धंदा जगभर चालतो. कोऱ्या पाट्या विकत मिळतात, हवा तो नंबर आणि हवी ती तारीख ठोकून घ्यायची. सजावटीला त्या लावायला हरकत नाही, पण खरी पाटी झिजली म्हणून ती फेकून नवी लावणं हे मला सहन होत नाही. खरी पाटी ओळखायच्या खुणा साध्या आहेत. सुरुवातीच्या पाट्या पितळी होत्या, युद्धात पितळ दारूगोळ्याला लागू लागल्यावर जस्ताच्या आल्या. १९४४ च्या गाडीवर चकचकीत पितळी पाटी दिसली तर विचारा. छापलेला मजकूर सरळ रेषेत असतो, पण हाताने ठोकलेले आकडे थोडे वरखाली होतात. सगळे आकडे एका रेषेत आणि एका खोलीचे असतील, तर ते बहुधा अलीकडे ठोकलेले. आणि रिबीट पाहा. पाटी जुनी आणि रिबीट कोरं, म्हणजे ती पाटी दुसऱ्या गाडीवरून आली असण्याची शक्यता मोठी.

कायद्याने २०२१ मध्ये एक पाऊल टाकलं. पन्नास वर्षांहून जुन्या, खासगी वापराच्या दुचाकी आणि चारचाकी गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम आले. नंबरात व्हीए अक्षरं, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये फी, आणि नोंदणी दहा वर्षांची. चेसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेली गाडी त्यात बसत नाही. जीपवाल्याला हे उपयोगी आहे. लॉरीवाल्याला नाही, कारण मालवाहू गाडीचा विचार त्या नियमांत केलेला नाही. शक्तिमान किंवा जुनी शेव्हरोले लॉरी जपणाऱ्या शेतकऱ्याच्या गाडीला आज रस्त्यावरचा वारसा म्हणून वेगळी ओळख नाही. अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये रणगाडे आणि चिलखती गाड्या उत्तम जपल्या आहेत. १९९४ मध्ये उघडलेलं ते संग्रहालय प्रत्येक मराठी माणसाने पाहावं. पण रणगाड्याला डिझेल पोचवणाऱ्या साध्या लॉरीसाठी सीमाभागात तशी जागा नाही. मराठा सेंटर असलेल्या शहरात ती असायला हवी, आणि ती मागणी गाडी जपणाऱ्यांनीच एकत्र येऊन केली पाहिजे.

त्याआधी करता येण्यासारखं काम गॅरेजातलं आहे. गाडी रंगाला देण्याआधी चेसीच्या डाव्या पट्टीवर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घ्यावा, जसा पासिंगच्या वेळी एजंट घेतो. बॉनेटच्या बाजू, टेलबोर्ड आणि दारं यांवरचे जुने थर पाण्यात भिजवलेल्या बारीक पॉलिश पेपरने एकेक उतरवावेत. एल, झेड, एम, डिव्हिजनची खूण, पांढरी चांदणी, काहीही वर येऊ शकतं. चौथ्या हिंदी डिव्हिजनचा लाल गरुड आणि पाचवीचा काळ्यावरचा लाल गोळा याच रंगांखाली असतात. दिसलं की आधी फोटो, मापासाठी शेजारी फूटपट्टी. डॅशवरच्या पाट्या सोडवायच्या असतील तर रिबीट ड्रिलने काढून पाटीसकट एका डबीत, चिठ्ठी लावून ठेवावं, आणि त्याच भोकांत परत बसवावं. ठसा, फोटो आणि विक्रीपत्राची एक प्रत एका पाकिटात घालून ते पाकीट आरसी बुकासोबत ठेवावं. कंग्राळीतल्या त्या जीपचं पाकीट मालकाने तयार केलं आहे. फोर्डच्या नंबरांची महिनावार यादी उपलब्ध आहे, तिच्यावरून गाडी बांधल्याचा महिना शोधण्याचं काम सध्या चालू आहे.